सृष्टिनिरीक्षकाचे शिक्षण

सृष्टीचे निरीक्षण करावे, असा उपदेश आमच्या विद्यार्थ्यांनी वर्गात अनेकदा ऐकला असेल. परंतु निरीक्षण म्हणजे नुसते पाहणे नव्हे. डोळे सर्वांसच आहेत. तथापि आपल्या गावच्या ओढ्याकाठी उभ्या असलेल्या दहा झाडांची नावे सांगा, किंवा गेल्या वर्षी हा ओढा कोणत्या महिन्यात आटला ते सांगा, असे विचारले तर शेकडा किती जण निश्चित उत्तर देतील याची शंकाच आहे. पाहणे ही देणगी आहे, निरीक्षण ही विद्या आहे. आणि इतर विद्यांप्रमाणे तिलाही गुरू, रीत व अभ्यास ही लागतातच. अमेरिकेत ही विद्या सामान्य स्त्रीपुरुषांस शिकवून तिचे रीतसर प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था झालेली आहे. तिची हकीकत एका डोंगरी पाणलोटाच्या उदाहरणाने वाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पाणलोट म्हणजे काय ते समजून घेऊ. कौलारू घराच्या आढ्याच्या एका अंगास पडलेला पावसाचा थेंब पुढल्या पन्हळीत जातो व दुसऱ्या अंगास पडलेला मागल्या पन्हळीत जातो. दोन थेंबांत पडतेवेळी वितीचेही अंतर नसेल, पण पुढे त्यांची गाठ पडत नाही. डोंगराचा माथा हे असेच आढे होय. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरील पाण्याचा एक वाटा कोकणातून अरबी समुद्रास मिळतो व दुसरा गोदावरी-कृष्णांच्या द्वारे थेट बंगालच्या उपसागरास जातो. ज्या भूभागावरील सर्व पाणी उतरत उतरत एकाच ओढ्यास, नदीस अथवा तळ्यास मिळते, तो भूभाग त्या ओढ्याचे, नदीचे अथवा तळ्याचे पाणलोट क्षेत्र. राज्याच्या सीमा माणसे आखतात. पाणलोटाची सीमा उतार आखतो.

आता आम्ही वाचकांस अमेरिकेच्या पश्चिम भागातील सिएरा नेवाडा पर्वतात नेतो. कॅलिफोर्निया व नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर टाहो नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे २२ मैल, रुंदी सुमारे १२ मैल व कमाल खोली १,६४५ फूट आहे. त्याच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२२५ फूट उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईचे शिखर त्या पाण्याच्याही खाली राहील. सभोवारच्या शिखरांवर हिवाळ्यात अपार बर्फ पडते. उन्हाळ्याच्या आरंभी ते वितळून लहानमोठ्या ६३ ओढ्यांनी सरोवरात येते. आत येणाऱ्या वाटा अशा ६३ असल्या, तरी बाहेर जाणारी नदी एकच, ती ट्रकी. ही नदी सुमारे १२० मैल वाहून नेवाडाच्या वाळवंटातील पिरॅमिड सरोवरात शिरते व तेथेच संपते; समुद्राचे दर्शन तिला कधीच घडत नाही. वाशो नावाच्या आदिवासी लोकांची ही मूळ भूमी. त्यांच्या भाषेतील सरोवरवाचक शब्दावरूनच 'टाहो' हे नाव रूढ झाले.

अशा प्रदेशात सृष्टिनिरीक्षक तयार करावयाचा तो कसा? टेक्सास राज्यात नागरिकांस असे शिक्षण देण्याची योजना १९९८ साली राज्यभर सुरू झाली व पुढे इतर राज्यांनीही तिचे अनुकरण केले. कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाने २०१० च्या सुमारास 'कॅलिफोर्निया नॅचरलिस्ट' ही आपली योजना आरंभिली. तिचे वर्ग ठिकठिकाणच्या स्थानिक संस्था चालवितात; टाहोच्या परिसरातही असे वर्ग झाले आहेत. विद्यार्थ्यास किमान ४० तासांचे शिक्षण घ्यावे लागते. त्याचा काही भाग वर्गात व काही भाग प्रत्यक्ष रानात, ओढ्याकाठी किंवा डोंगरावर पुरा होतो. निरीक्षणाची वही ठेवावी लागते आणि शेवटी लोकोपयोगी असे एखादे काम हाती घेऊन तडीस न्यावे लागते. मग विश्वविद्यालयाचे प्रमाणपत्र मिळते. या वर्गांत शिक्षक, गृहिणी, निवृत्त कारकून, तरुण वाटाडे अशा कोणासही बसता येते. पूर्वीची शास्त्राची पदवी लागत नाही. तेथे जे शिकवितात त्याची आम्ही चार पाठांत मांडणी करितो.

पहिला पाठ ओळखीचा. हिमालयातील चिडाच्या कुळातील पाइन वृक्षांच्या अनेक जाती या डोंगरात आहेत. त्यांपैकी जेफ्री व पाँडेरोसा या दोन जाती इतक्या सारख्या दिसतात की नवखा मनुष्य हमखास घोटाळ्यात पडतो. शिक्षक त्यास झाडाखाली पडलेला फळाचा शंकू तळहातात धरून हलकेच दाबावयास सांगतात. पाँडेरोसाच्या शंकूचे काटे बाहेर वळलेले असल्यामुळे ते बोचतात. जेफ्रीचे काटे आत वळलेले असल्यामुळे बोचत नाहीत. नंतर सालीच्या भेगेस नाक लावून वास घ्यावयाचा. जेफ्रीच्या सालीस व्हॅनिलासारखा गोड वास बहुधा येतो. येणेप्रमाणे हात, नाक व डोळे या तिघांची साक्ष जुळली म्हणजे नाव निश्चित करावयाचे. 'मला वाटते' येथपासून 'या कारणावरून मी म्हणतो' येथवरचा प्रवास हाच पहिल्या पाठाचा हेतू होय.

दुसरा पाठ नात्यांचा. उंच कड्यांवर 'पांढऱ्या सालीचा पाइन' या नावाचा एक वृक्ष वाढतो. त्याचे शंकू पिकले तरी आपोआप उकलत नाहीत व त्याच्या बियांस वाऱ्यावर उडण्यास पंखही नसतात. मग त्याची संतती वाढावी कशी? कावळ्याच्या कुळातील क्लार्कचा नटक्रॅकर नावाचा करडा पक्षी आपल्या बळकट चोचीने ते शंकू फोडतो, जिभेखालच्या पिशवीत बिया भरून नेतो व हिवाळ्याच्या बेगमीसाठी थोड्या थोड्या जमिनीत पुरून ठेवतो. अशा हजारो बियांपैकी बहुतेक त्यास बरोबर आठवतात. ज्या खाण्यावाचून राहतात त्यांतूनच नवी झाडे उगवतात. पक्षी नाहीसा झाला तर वृक्षाची पेरणी थांबेल, आणि वृक्ष नाहीसा झाला तर पक्ष्याचे कोठार रिकामे होईल. बाहेरून आलेल्या एका बुरशीजन्य रोगाने हे वृक्ष आज ठिकठिकाणी मरत आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ कल्पनेचा राहिलेला नाही.

नाते न ओळखता केलेला उपकारही कसा अंगलट येतो, याचे उदाहरण खुद्द सरोवरातच आहे. माशांस खाद्य मिळावे या सद्हेतूने १९६३ ते १९६५ च्या दरम्यान तेथे मायसिस नावाची बारीक कोळंबी बाहेरून आणून सोडण्यात आली. ही कोळंबी दिवसा खोल अंधारात दडून राहते व रात्री वर येते, त्यामुळे माशांच्या तोंडी ती फारशी लागली नाही. उलट पाण्यातील शेवाळ खाऊन ते स्वच्छ ठेवणारे डॅफ्निया नामक सूक्ष्म जीव तिने खाऊन टाकले, आणि काही वर्षांतच ते तेथून जवळजवळ नाहीसे झाले. हेतू चांगला होता, उद्योगही होता. कमी पडले ते निरीक्षण.

तिसरा पाठ मोजमापाचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. टाहोचे पाणी पूर्वीपासून आपल्या निर्मळपणाबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु 'निर्मळ' म्हणजे किती निर्मळ? कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाचे पदार्थविज्ञानाचे अध्यापक जॉन लेकाँट यांनी १८७३ साली या प्रश्नाचे उत्तर अगदी साध्या साधनाने काढले. जेवणाच्या टेबलावरची साडेनऊ इंच व्यासाची एक पांढरी बशी त्यांनी दोरीस बांधून पाण्यात सोडली. ती १०८ फूट खोलीपर्यंत दिसत होती. या रीतीस शास्त्रात ज्यांचे नाव मिळाले ते फादर अँजेलो सेक्की हे रोम येथील जेझुइट पाद्री व नामांकित ज्योतिषशास्त्रज्ञ. त्यांनी १८६५ साली पोपच्या नौकेवरून भूमध्य समुद्रात अशाच तबकड्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. आकाशातील तारे पाहणाऱ्या या धर्मोपदेशकास पाण्यात बुडणारी तबकडी पाहण्यात कमीपणा वाटला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १९६८ पासून चार्ल्स गोल्डमन या अध्यापकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाहोत अशी तबकडी वर्षभर ठरावीक दिवसांच्या अंतराने सोडण्यास आरंभ केला, आणि तो क्रम आजतागायत चालू आहे. १९६८ साली तबकडी सरासरीने सुमारे १०२ फुटांपर्यंत दिसत असे. पुढील दशकांत हा आकडा हळूहळू घसरत गेला व २०१७ साली तो ६० फुटांच्याही किंचित खाली आला. याचे कारणही अशाच चिकाटीच्या निरीक्षणाने सापडले. रस्ते, घरे व उघडी पडलेली जमीन यांवरून वाहून येणारी अतिसूक्ष्म धूळ पाण्यात वर्षानुवर्षे तरंगत राहते व प्रकाश अडविते. तिचे कण एका मिलिमीटरच्या साठाव्या भागाहूनही लहान असतात. त्याबरोबर येणाऱ्या नत्र व स्फुरद या द्रव्यांनी शेवाळही माजते. म्हणजे सरोवराचा मळ सरोवरात उत्पन्न झालेला नसून तो पाणलोटातून आलेला आहे. यास्तव त्याचा उपायही काठावर न करता वरच्या उतारांवर करावा लागतो.

येथे विद्यार्थ्यांनी एक बारकावा लक्षात घ्यावा. २०१७ सालचा आकडा विशेष खाली जाण्याचे कारण असे की, आधी कित्येक वर्षे अवर्षण पडले होते व त्या हिवाळ्यात एकदम प्रचंड वर्षाव होऊन साचलेला गाळ वाहून आला. २०१८ साली तोच आकडा पुन्हा सुमारे ७१ फुटांवर गेला. ज्याच्याजवळ केवळ या दोन वर्षांचे आकडे असतील तो म्हणेल, 'सरोवर एका वर्षात अकरा फुटांनी सुधारले!' ज्याच्याजवळ पन्नास वर्षांचे आकडे आहेत तो असे म्हणणार नाही, आणि एका वाईट वर्षाने हताशही होणार नाही. थोडक्या पुराव्यावर हर्ष अथवा विषाद न करणे ही मोठी शिकवण मोजमापातून मिळते.

याच पाणलोटात दुसरे एक उदाहरण घडले, ते शिक्षकवर्गास विशेष अभिमानास्पद वाटेल. जेम्स एडवर्ड चर्च हे रीनो येथील नेवाडा विश्वविद्यालयात लॅटिन भाषा शिकवीत. डोंगर चढण्याच्या आवडीने त्यांनी १८९५ साली भर हिवाळ्यात टाहोच्या ईशान्येचे मौंट रोझ हे १०,७७६ फूट उंचीचे शिखर गाठले, आणि १९०५ साली तेथे एक वेधशाळा उभारली. त्या वेळी ट्रकीच्या पाण्याविषयी सरोवराच्या काठचे मालक व खालचे शेतकरी यांत मोठा तंटा चालला होता. धरणाचे दार केव्हा व किती उघडावे हे ठरवावयाचे, तर यंदा सरोवरात पाणी किती येणार हे आधी कळले पाहिजे. आणि तेच कोणास कळत नव्हते. बर्फाची जाडी मोजून भागत नाही. कारण ताजे भुसभुशीत बर्फ दहा इंच असले तरी त्याचे पाणी सुमारे एकच इंच होते, पण वसंतातील दडपलेल्या बर्फाचे चार-पाच इंचही होऊ शकते. म्हणून चर्च यांनी टोकास दाते असलेली एक पोकळ नळी तयार केली. ती बर्फात तळापर्यंत घालून आतील बर्फासह बाहेर काढावयाची व काट्यावर तोलावयाची. वजनावरून पाणी किती हे तत्काळ कळते. या साधनाच्या साहाय्याने त्यांनी १९१० च्या सुमारास सरोवराच्या पाण्याची चढ आगाऊ सांगून दाखविली, आणि जेथे केवळ भांडण होते तेथे बोलण्यास एक पक्का आधार मिळाला. बर्फातील पाणी मोजण्याची ही रीत पुढे दूरदूरच्या देशांत गेली. लॅटिनच्या शिक्षकाने हे करावे यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. ज्यास व्याकरणातील एक प्रत्यय चुकलेला खपत नाही, त्यास मोजमापातील एक इंच चुकलेलाही खपू नये हे योग्यच आहे.

चौथा पाठ वहीचा. कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाचे प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी टिपणवहीची एक शिस्त घालून दिली. तारीख, वेळ, स्थळ, हवा, काय दिसले, किती दिसले, हे सर्व त्याच दिवशी लिहून काढावयाचे. उद्यावर टाकावयाचे नाही. ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीत मिसळावयाची नाही, आणि जे ओळखले नाही त्यास तर्काने नाव द्यावयाचे नाही. १९१४ ते १९२० च्या दरम्यान त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी याच पर्वतराजीतील योसेमिटी भागात उंदीर, खार आदि लहान प्राण्यांची अशी नोंद केली. या वह्यांचे खरे मोल शंभर वर्षांनी कळेल अशी त्यांची धारणा होती. ती खरी ठरली. २००३ पासून शास्त्रज्ञांनी त्याच जागी पुन्हा शोध केला आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला की, पाहिलेल्या २८ जातींपैकी निम्म्या जातींच्या वस्तीची सीमा सरासरीने सुमारे ५०० मीटर वर सरकली आहे. हवा तापू लागल्याने प्राणी डोंगर चढत आहेत, ही गोष्ट जुन्या वह्या नसत्या तर कळलीच नसती. हल्ली खिशातील फोनवरूनही छायाचित्रासह नोंद पाठविता येते. २००८ साली कॅलिफोर्नियातच सुरू झालेल्या आय-नॅचरलिस्ट या व्यवस्थेत अशा नोंदी जगभरातील जाणकार तपासतात. साधन बदलले आहे. स्थळ, काळ व सत्य यांची शिस्त तीच आहे.

इतके वाचून आमचे पालक विचारतील, 'या प्रमाणपत्राने नोकरी लागते काय?' केवळ त्याच्या बळावर लागत नाही, हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. ते घेणारे बहुतेक लोक पुढे विनामूल्य सेवा करितात: कोणी शाळेतील मुलांस रानात नेतो, कोणी ओढ्याचे पाणी तपासतो, कोणी काठावर झाडे लावतो. मग त्याचा उपयोग कोणता? आम्ही उलट विचारतो, पाण्याचा तंटा गावात उभा राहिला असता ज्याच्याजवळ दहा वर्षांची खरी नोंद आहे अशा एका मनुष्याचा उपयोग किती? टाहो सरोवर मळत आहे हे एका दिवसात कोणासही दिसले नाही. दिवसेंदिवस होणारी हानी डोळ्यांस दिसत नाही, ती वहीसच दिसते. ज्या गावात वही नाही त्या गावास विहिरीचे पाणी गेल्यावर विहीर आठवते.

यात आणखी एक लाभ आहे, तो आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपण लहानपणी पाठ करितो. सृष्टी ही बोलू न शकणारी शेजारीण आहे, आणि तिच्याविषयी आपण पुष्कळदा न पाहताच साक्ष देतो. या झाडाखाली भूत आहे, तो साप विषारीच आहे, पूर्वी पाऊस अधिक पडत असे; यांपैकी किती गोष्टी आपण स्वतः पडताळून पाहिल्या? आपल्या प्रभूने पेरणाऱ्याचा, मोहरीच्या दाण्याचा व अंजिराच्या झाडाचा दाखला दिला, तो शेतमळे जवळून पाहणाऱ्या लोकांस. जो मुलगा पाहिले तेवढेच लिहावयास शिकतो, तो पुढे दुकानात, कचेरीत अथवा न्यायालयात जाणले तेवढेच बोलेल, असा आम्हांस भरवसा आहे. प्रमाणपत्र भिंतीवर राहते. ही सवय मनुष्याबरोबर चालते.

तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, येत्या वर्षाकरिता आम्ही तुम्हांस एक अभ्यास सुचवितो. घराजवळचा एकच ओढा अथवा नाला निवडा, आणि त्याचे पाणी कोणत्या डोंगरावरून येते ते वडील माणसांसमवेत वर चालत जाऊन पाहा. त्याच्या काठची पाच झाडे निवडून ती पाने, साल, फूल व फळ या चारही खुणांनी ओळखा. जे ओळखणार नाही त्यापुढे 'अज्ञात' असे निःशंक लिहा. पहिल्या पावसापासून दर रविवारी दुपारी, एकाच जागी, वडीलधाऱ्यांच्या सोबतीने एक स्वच्छ काचेची बाटली ओढ्याच्या पाण्याने भरा. ती एक दिवस स्थिर ठेवून तळाशी किती गाळ बसला ते पट्टीने मोजा. ओढा वाहू लागला तो दिवस व आटला तो दिवस न विसरता टिपा. एका वर्षाच्या वहीवरून मोठे अनुमान काढू नका. ती वही पुढल्या वर्षी धाकट्या भावाच्या अथवा बहिणीच्या हाती द्या. शाळेच्या ग्रंथालयातही अशा वह्यांसाठी एक फळी सहज राखून ठेवता येईल. त्या फळीवर दहा वर्षांच्या वह्या जमल्या म्हणजे आपल्या ओढ्याविषयी विचारणाऱ्यास आपली शाळा आधाराने उत्तर देऊ शकेल.